मरियाबाईचे तीन डबे

आमच्या बाईंकडून आपल्याला कधी काही मिळालं नाही, असं म्हणणारा माणूस त्या गावात शोधून सापडला नसता. आणि बाईंना मी अमुक दिलं, असं सांगणाराही सापडला नसता. पहिल्या गोष्टीचं गावाला कौतुक होतं, दुसरीचा राग होता. हा राग कोणी बोलून दाखवत नसे, कारण बोलायला तोंड उघडलं की बाई त्यात काहीतरी खायला घालत.

मोहाडीपासून आठ-नऊ किलोमीटरवर, तलावाच्या पाळीला लागून, आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक बाई, त्या मुख्याध्यापिका, दुसरा मी. मी शहापूरचा, मोहाडीत खोली करून राहणारा, नुकतंच लग्न झालेला आणि नोकरीला कंटाळायला अजून थोडा अवकाश असलेला. बाई नाकाडोंगरीकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. शाळेमागच्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. उंची बेताची, आवाज मात्र तलावाच्या पलीकडे धुणं धुणाऱ्या बाईला ऐकू जाईल असा. खांद्याला पोत्याच्या कापडाची शिवलेली पिशवी. तिच्यात पेरू, चिंच, वालाच्या शेंगा, खोडरबर, तापाच्या गोळ्या असं काय वाट्टेल ते असे. बसमध्ये कंडक्टरने तिकीट दिलं की बाई त्याच्या हातावर पेरू ठेवत. "तिकिटाचे पैसे दिलेत की तुम्ही," असं मी एकदा म्हटलं. बाई म्हणाल्या, "थे सरकारले देल्ले, सर. कंडक्टरले काय देल्लं?"

भरून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे. शेजारून वाटीभर खीर आली तर वाटी धुऊन, निदान चिमूटभर साखर घालून परत जाते. बाकीच्यांच्या घरी ही रीत होती, बाईंच्या घरी तो कायदा होता, आणि कायद्याला अपील नव्हतं. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याबरोबर घरी डबा दिला. वांग्याची भाजी आणि भात. बायकोने डबा लख्ख घासून, पुसून परत दिला. रिकामा. बाईंनी झाकण उघडलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी तोच डबा जवसाच्या चटणीने भरून मिळाला. "डबा रिकामा गेल्यानं तुमच्या बायकोले रातभर चुकल्यासारखं वाटलं असन," बाई म्हणाल्या. बायकोला रातभर काही वाटलं नव्हतं, पण हा निरोप ऐकल्यावर वाटलं. तिने बेसनाचे लाडू पाठवले. डबा करंज्या घेऊन आला. तिने चकल्या पाठवल्या. अनारसे आले. महिनाभर मी त्या दोघींचा हमाल होतो. शेवटी बायकोने, डबा हरवला, असं बेधडक खोटं सांगितलं. बाईंनी दोन नवे डबे पाठवले, भरून.

सरपंचांकडून त्यांनी एकदा घराचे कवेलू, म्हणजे कौलं, फिरवायला शिडी आणली होती. ती परत गेली तेव्हा तिच्या दोन पायऱ्यांना दोन कोहळे बांधलेले होते. धान निघाल्यावर लोक नव्या तांदळाची पोती बाईंच्या दारात ठेवून पळून जात. पळण्याचा उपयोग नसे. पोत्याच्या तोंडाची गाठ बघून बाई माणूस ओळखत आणि दिवस मावळायच्या आत त्याच्या घरी वालाच्या शेंगांची टोपली पोचती होई.

मला हे सगळं आधी प्रेमळ वाटलं, मग विनोदी वाटलं, आणि पुढे पुढे जरा उद्धटपणाचं वाटू लागलं. कुणाचं काहीच अंगावर ठेवायचं नाही, याचा अर्थ कुणाला तेवढं जवळ येऊच द्यायचं नाही, असाही होतो. हे मी बाईंना एकदा तोंडावर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला दोन लिंबं दिली.

ज्या हिवाळ्याची गोष्ट मी सांगतोय त्या हिवाळ्यात बाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. नागपूरच्या काही हौशी मंडळींनी आमच्या शाळेला गोष्टीच्या पुस्तकांचं खोकं पाठवलं. पुस्तकं देखणी होती आणि सगळी इंग्रजीत होती. आमच्या पोरांना पाठ्यपुस्तकातली मराठीच परक्या गावची वाटायची, तिथे इंग्रजीची काय कथा. पण बाईंकडे याला उपाय होता. त्या भाताची खळ करत, वहीच्या कोऱ्या पानांच्या पट्ट्या कापत आणि इंग्रजी ओळीवर मराठी ओळ चिकटवून टाकत. भाषांतर त्यांचं स्वतःचं, आणि देताना हात आखडायचा नाही हा नियम तिथेही होताच. मूळ ओळ चार शब्दांची असली तरी बाईंची पट्टी चित्रावर चढायची. एका पुस्तकातल्या हत्तीचे चारही पाय भाषांतराखाली गेले होते. शिवाय खळीच्या वासाने झुरळं येत, त्यामुळे काही गोष्टींचा शेवट आम्हाला कधी कळलाच नाही.

त्या खोक्यात नाताळचं एक चित्रांचं पुस्तक होतं. मोठं, गुळगुळीत, मुखपृष्ठावर सोनेरी तारा. परगावी आलेलं जोडपं, उतरायला जागा नाही, म्हणून गुरांच्या कोठ्यात बाळंतपण. मग बाळाला बघायला येणारे मेंढपाळ, उंटांवरून भेटी घेऊन येणारे तीन राजे, आणि शेवटी देण्यातल्या आनंदाविषयी दोन-चार गोड ओळी. बाईंना ते पुस्तक इतकं आवडलं की इतर पुस्तकं तशीच राहिली. शाळा समितीच्या अध्यक्षांना कुठून तरी वास लागला. ते शाळेत आले, पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, हे कोनत्या देवाचं पुस्तक होय?"

"बाळंतपनाचं," बाई म्हणाल्या. "देव हाय त्याच्यात, पन अजून लहान हाय. सध्या निस्ता रडून राह्यला." आणि अध्यक्षांच्या हातावर चिंच ठेवली. अध्यक्ष चिंच चोखत गेले.

वाचन सुरू झालं. येशूच्या आईचं नाव बाईंनी पट्टीवर 'मरियाबाई' असं लिहिलं होतं, त्यामुळे पोरांसाठी ते मरियाबाईचं पुस्तक झालं. दुसऱ्याच पानावर वाचन अडलं. चित्रात बाळाला गव्हाणीत वाळल्या गवतावर निजवलेलं होतं. आमच्याकडे गवत म्हणजे धानाची तणस. ती जनावराला घालायची, आणि तिच्यात एकदा लोळलं की दोन दिवस अंग खाजवायचं, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक.

"बाई, बाळाले तणस टोचन नं," एक पोरगी म्हणाली.

बाईंनी चष्मा वर करून चित्र जवळून पाहिलं. पोरीचं म्हणणं खरं होतं. त्यांनी तिथल्या तिथे रंगीत कागदाचा एक तुकडा कापला आणि बाळाच्या खाली चिकटवला. ती गोधडी झाली. मग पुढची ओळ वाचली.

तीन राजांच्या पानाला मात्र बाईंनी दोन दिवस घेतले. राजांनी आणलेल्या भेटींची इंग्रजी नावं त्यांनी मोबाइलवर शोधली. सोनं, ऊद आणि बोळ. मी म्हणालो, "काय राजे आहेत. तान्ह्या पोराला ऊद आणि बोळ कशाला?" बाईंनी माझ्याकडे जी नजर टाकली ती चौथीतल्या पोराने पाढा चुकवल्यावर टाकायच्या नजरेपेक्षा कडक होती.

"सर, तुमची बायको बाळंत व्हाची हाय अजून, म्हून माफ हाय तुमाले. बोळ म्हन्जे बाळंतबोळ. बाळंतिनीले देतेत. ऊद धुरीले. अन् सोनं पोराच्या अंगाले लावाले. तिघाइनं बरोब्बर आनलं. हे राजाइचं डोकं नोहे. घरच्या बायकाइनं पिशवी बांधून देल्ली असन."

मी इतक्या वर्षांत ती गोष्ट कितीदा तरी ऐकली होती, पण त्या राजांच्या पाठीशी तीन बायका उभ्या असतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंच्या पाठीवर आईला सहा बाळंतपणं झाली होती आणि बाई घरात थोरल्या. त्यांना त्या चित्रात जे दिसत होतं ते आम्हाला दिसणं शक्य नव्हतं.

आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. शेवटून दुसऱ्या पानावर राजे परत निघाले होते. उंटांच्या पाठीवर ते तीन नक्षीचे डबे दोरीने बांधलेले होते.

"रिकामे गेले," बाई म्हणाल्या.

"काय?"

"डबे. मरियाबाईनं रिकामे धाडले."

मला वाटलं त्या गंमत करतायत. त्या गंमत करत नव्हत्या. बाईंनी पुढच्या पानावर पाहिलं, मागच्या पानावर पाहिलं, पट्ट्या उचकटून खालचं इंग्रजी पुन्हा वाचलं. मरियाबाईने डब्यात काय घातलं याचा कुठेच उल्लेख नव्हता. इतकी शहाणी बाई, देवाची आई, आणि राजांचे डबे रिकामे पाठवते, हे बाईंना पटेना. "लिवनाऱ्याचं राह्यलं असन," असा निकाल देऊन त्यांनी तो प्रश्न वर्गापुढे ठेवला. मरियाबाई परगावात, कोठ्यात, नुकती बाळंत झालेली. तिच्याजवळ आहे काय? पोरांनी दूध सुचवलं. उंटावर हिंदकळेल म्हणून ते बाद झालं. एकाने गोवऱ्या सुचवल्या, कारण कोठ्यात शेण भरपूर आणि राजांना वाटेत थंडी लागणार. गोवऱ्या जवळजवळ पास झाल्या होत्या. तेवढ्यात कुणाला तरी आठवलं की बाळाचा बाप सुतार आहे. मग ठरलं. सुताराने तीन राण्यांसाठी तीन पोळपाट केले. पोरांनी चित्र काढलं, मरियाबाई खाटेवरून हात लांब करून पोळपाट देतेय असं, आणि बाईंनी ते पान भरपूर खळ लावून पुस्तकात कायमचं बसवलं.

नाताळच्या दोन दिवस आधी नागपूरची मंडळी दोन गाड्या घेऊन आली. पोरांसाठी स्वेटर आणले होते. ओळीत उभं करून वाटप झालं आणि प्रत्येक स्वेटरचा फोटो निघाला. बाईंनी शेवटचा फोटो निघेपर्यंत दम धरला. मग मला म्हणाल्या, "सर, आता तुमचा मोबाइल काढा." त्यांनी त्या पाच पाहुण्यांना तशाच ओळीत उभं केलं. प्रत्येकाच्या हातात तांदळाची पिशवी, लाखोळीची डाळ, दोन-दोन वांगी. "अहो, आम्ही द्यायला आलोय, घ्यायला नाही," असं त्यांच्यातल्या बाई म्हणत होत्या. "हासा," आमच्या बाई म्हणाल्या, आणि मी फोटो काढला. ते पाचही जण त्या फोटोत आमच्या पोरांसारखेच दिसतात, हात पुढे आणि नजर खाली. तो फोटो बाईंनी शाळेच्या भिंतीवर लावला.

पाहुण्या बाईंनी पोळपाटांचं पान पाहिलं आणि म्हणाल्या, "किती गोड कल्पना आहे."

"कल्पना नाई," बाई म्हणाल्या. "राह्यलेलं व्हतं थे लिवलं."

गाड्या हलल्यावर बाईंना दिसलं की पाहुणीची पाण्याची बाटली टेबलावर राहिली आहे. ती तशीच घेऊन पळाल्या असत्या तर काही झालं नसतं. पण रिकामी बाटली कशी द्यायची? बाईंनी आधी तिच्यात मूठमूठ करून फुटाणे भरले. बाटलीचं तोंड अरुंद, त्यामुळे वेळ लागला. तोवर गाड्या पाळीच्या वळणावर पोचल्या. बाई हाका मारत मागे धावल्या, फाटकाच्या उंबऱ्याला पाय अडला आणि पडल्या. उजवा घोटा मोडला. आम्ही पोचलो तेव्हा त्या मातीत बसून फुटाणे वेचत होत्या. भंडाऱ्याला नेऊन प्लास्टर घातलं. दीड महिना पाय जमिनीला लावायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं. बाईंनी डॉक्टरांना लिंबं दिली.

नागपूरहून भाचा आला. चांगला मुलगा, मावशीवर जीव असलेला. त्याचं घर पाचव्या मजल्यावर. तो म्हणाला, मावशीला घेऊन जातो. मावशी म्हणाली, येत नाही. चौथीची पोरं अर्ध्यावर टाकून जाणं तिच्याने होणार नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावरही तिला याच गावात राहायचं होतं. एकदा पाचव्या मजल्यावर चढली की उतरणं नाही, हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. भाच्याने शेवटी मला बाजूला घेतलं. "सर, मावशीला रांधता येणार नाही. गावातून डबा येईल, पण ती घेईल का? तुम्ही मला खरं सांगायचं. नीट जेवत असेल तर राहू दे. नाही तर पुढच्या रविवारी मी उचलून नेतो." मी शब्द दिला. बाई आतून ऐकत होत्या. त्यांच्या घरात आतलं-बाहेरचं असं काही फारसं नव्हतंच.

गावाला ही बातमी कळली आणि बायकांनी कंबर कसली. इतक्या वर्षांची परतफेड एकदम करायची संधी अशी पलंगावर पडलेली कधी मिळते? पहिल्या दिवशी सहा डबे आले. सरपंचांची बायको स्वतः घेऊन आली आणि म्हणाली, "आता कशा पळता पाहू, बाई." बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्या जेवल्या, पण घास मोजल्यासारखे. आणि डबे परत जाताना प्रत्येकात साखर होती. उशाशी साखरेचा डबा ठेवून घेतला होता.

साखर दोन दिवसांत संपली. मग डाळ गेली. मग बिस्किटं, उदबत्त्या, काड्यापेट्या. पलंगावरून हात पोचेल तेवढंच बाईंचं राज्य उरलं होतं, आणि ते रोज आकसत होतं. एका घरी डब्यातून खोडरबर गेलं. एका घरी कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी गेली, डॉक्टरांनी बाईंच्याच हाडासाठी दिलेली. मी माझा लाल पेन त्यांच्याकडे विसरलो होतो, तो मला सरपंचांच्या घरी दिसला. मी त्यांना कपाटातून काही काढून द्यावं असं त्यांनी सुचवून पाहिलं. मी कानावर हात ठेवले. हे चांगलं केलं की वाईट, मला आजही नक्की सांगता येत नाही. पण मला राग आला होता. माणसं जीव लावून रांधून आणतायत आणि ही बाई त्यांना खोडरबर देतेय.

गुरुवारी हात पोचेल अशी एकही वस्तू उरली नाही. त्या दिवशी आलेले तिन्ही डबे आले तसे परत गेले. भरलेले. वरणाला चमचा लागलेला नव्हता. "भरलेला डबा भरलेला वापस केला, सर," बाई म्हणाल्या. "कोनाचं मन दुखवाचं कारन नाई." त्या दिवशी त्या चहावर राहिल्या. शुक्रवारी सकाळचा डबाही परत गेला. रविवार दोन दिवसांवर होता. भाच्याचा फोन आला की मी काय सांगणार होतो? मी खोटं बोललो असतो तरी त्याला चेहऱ्यावरून कळलं असतं, कारण दोन दिवसांत बाईंचे गाल बसले होते.

शुक्रवारी दुपारी शाळेची खिचडी उरकल्यावर मी गिरजाबाईला म्हटलं, "तुम्ही चला माझ्याबरोबर." गिरजाबाई आमच्या शाळेत खिचडी रांधायची. साठीला टेकलेली, पाच बाळंतपणं झालेली, शाळेच्या चुलीपासून कधी वर्गात न आलेली. तिने घरून डबा आणला होता, भात, वरण आणि वांगं. बाईंनी तो पाहिला आणि मान भिंतीकडे केली.

मी बोललो. बरंच बोललो. भाचा, रविवार, पाचवा मजला, चौथीची पोरं. बाई म्हणाल्या, "माह्याजवळ काई नाई आता, सर. फुकटचं खाऊन पडून राह्याचं त नागपूरले जाऊनच पडतो. थे त आपल्या घरचं हाय."

गिरजाबाई यात कुठे नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसून उशाशी पडलेलं मरियाबाईचं पुस्तक चाळत होती. अक्षर तिला येत नव्हतं, चित्रं बघत होती. कोठा पाहून तिने मान डोलावली. गोधडी ठीक वाटली. मग पोळपाटांच्या पानावर ती थांबली.

"हे कोन होय, बाई?"

"मरियाबाई. बाळंतीन."

"कई झाली बाळंत?"

"आताच. चार-दोन दिवस झाले असन."

"अन् हे काय देऊन राह्यली त्याइले?"

"पोळपाट. त्याइचे डबे रिकामे जाऊन राह्यले व्हते."

गिरजाबाईने पुस्तक मांडीवर ठेवलं. "हे कोनं काढलं? बाळंतिनीच्या हातचं कोनी घेते का, बाई? सोयर असते नं. दहा दिवस त्या घरचं पानी बी नाई पेत. त्या मानसाइनं डबे रिकामेच नेले असन. नेलेच पाह्यजे."

बाईंनी मान भिंतीकडून इकडे वळवली. गावातल्या कुठल्याही बाईला जे पहिल्या नजरेत दिसलं असतं ते त्यांना महिनाभरात दिसलं नव्हतं. कारण सोपं होतं. बाई सोयर-सुतक मानत नसत. विटाळबिटाळ सब झूठ आहे, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

"मी नाई मानत थे," बाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"तुमी नका मानू. मी कुठं मानाले सांगून राह्यली? पन घेनारा मानते नं. त्यानं नाईच घेतलं त तुमी काय करसान?" गिरजाबाई डब्याचं झाकण काढत म्हणाली. "अन् विटाळाचं राहू द्या बाजूले. मी पाच डाव बाळंतीन झाली. मले काय समजलं थे सांगतो. बाई दहा दिवस पडून राह्यली पाह्यजे, म्हून हे केलं कोनी तरी. नाई त आपन बाया कशा? दुसऱ्या दिवशी उठून वाटाले लागू. म्हून सांगून ठेवलं, हिच्या हातचं कोनी घेऊ नका. पडू द्या तिले."

बाईंनी गिरजाबाईच्या मांडीवरचं पुस्तक ओढून ते पान पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "आईची सहा बाळंतपनं काढली मी. मी मोठी व्हती. शेक देल्ला, धुरी देल्ली, आल्यागेल्याचे डबे भरून वापस केले. कोनी कसं पडून राह्यते, थे निस्तं पाह्यलं."

"मंग आता करून पाहा," गिरजाबाई म्हणाली. "तुमच्या पायाचं बाळंतपन झालं असं समजा. हाड बसेपर्यंत या घरचं कोनी घेनार नाई. मी सांगतो गावात."

"दहा दिवस?"

"डाक्टरनं दीड महिना म्हटलं नं. मंग तुमचे दहा दिवस दीड महिन्याचे."

बाईंना हसू आलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मीही पुसले. त्या खोलीत ते लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. गिरजाबाईने भात कालवून ताट पुढे केलं. बाई जेवल्या. दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं, आणि मागताना त्यांना अवघड गेलं हे मला दिसत होतं. जेवण झाल्यावर त्यांचा हात सवयीने उशाशी काहीतरी चाचपत गेला. तिथे काहीच नव्हतं. गिरजाबाईने तो हात उचलून चादरीखाली ठेवला.

रविवारी भाचा आला आणि एकटाच परत गेला, ते नंतरचं. त्या दुपारचं मला जास्त आठवतं ते निराळं आहे. गिरजाबाईचं घर शाळेला लागूनच होतं. पण ती तिकडे वळली नाही. डबा न घासता, झाकण काखेत मारून, आतलं दिसेल असा तिरपा धरून ती पाळीवरून गावात निघाली. गिरणीसमोर दळण घेऊन बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. एक उठून जवळ आली आणि डब्यात वाकून पाहिलं.

"काईच नाई घातलं बाईनं?"

"काईच नाई," गिरजाबाई म्हणाली. "जेवल्या अन् निजल्या."

ती बाई डब्याच्या तळाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "सांजचा डबा माह्या घरून," आणि मागून तिघी-चौघी एकदम तेच म्हणाल्या. मी गिरजाबाईच्या मागे मोटारसायकल ढकलत येत होतो. सुरू केली असती तर आवाज झाला असता, आणि बाई निजल्या होत्या.